पुलापलीकडची माणसं

पंपवाल्यांनी चौथ्यांदा मान वळवून दाराकडे पाहिलं, तेव्हा शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"अरे, पुढे बघ. लोक तुझ्याकडेच बघतायत."

"एक जण यायचाय, ताई."

"येईल की. वाचनालय काही रानात नाही."

पंपवाले समोर बघायला लागले. समोर टेबलावर बायकोचा हार घातलेला फोटो होता. तिचा धड असा एकही फोटो घरात नव्हता, म्हणून ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला होता. त्यात ती, कुणीतरी 'रांगेत पुढे सरका' म्हटल्यासारखी, जरा गोंधळून बघत होती. वाचनकक्षातली लांब टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्या कधीच भरल्या होत्या. उशिरा आलेले लोक कपाटांना टेकून उभे होते. एवढी माणसं आपल्या बायकोला ओळखत होती याचं पंपवाल्यांना नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं, की यातलं एकही आपल्या ओळखीचं नाही.

सकाळीच त्यांनी हेडमास्तरांना गाठून विचारलं होतं, "पुलापलीकडे कळवलंत ना सगळ्यांना?" वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले होते, "पुलापलीकडे, अलीकडे, सगळीकडे कळवलंय. तुम्ही निर्धास्त राहा." तेव्हापासून पंपवाल्यांना जरा धीर आला होता.

गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीखाली पंप चालवण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. दोन मोटारींच्या घरघरीत आठ तास बसायचं, काट्यावर नजर ठेवायची, वहीत आकडा लिहायचा. तिथे बोलायला माणूस नव्हतं आणि असतं तरी ऐकू आलं नसतं. त्यामुळे मुळातच कमी बोलणारा हा माणूस पुढे पुढे अगदीच मुका झाला. पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. मित्र म्हणावा असा कुणी जमला नाही. मूल झालं नाही. त्यावर दोघांनी मिळून एकदाच काय ते रडून घेतलं आणि नंतर तो विषय काढला नाही.

पण एकटं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. कारण ती या वाचनालयात ग्रंथपाल होती आणि इथून रोज माणसं घेऊन घरी यायची.

म्हणजे जेवायला बसली की सांगायला लागायची. एकाच जिन्यावर समोरासमोर राहून बावीस वर्षं न बोललेल्या दोघी बहिणी. तीनदा लग्न केलेली नर्स. शाळा बंद पडली तेव्हा तिची घंटा काढून घरी घेऊन गेलेला मास्तर. "आज त्या घंटावाल्याचं काय झालं माहितेय?" अशी सुरुवात झाली की पंपवाल्यांचा हात ताटातच थांबायचा. ती सांगायची, ते मान खाली घालून ऐकायचे आणि शेवटी एखादं वाक्य टाकायचे. "धाकटीचंच चुकलं." किंवा, "नर्सने त्या तिसऱ्याला आधीच ओळखायला हवं होतं." एवढंच. ती मात्र त्या एका वाक्यावर खूश व्हायची, जसं काही बक्षीसच मिळालं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, "ही माणसं राहतात कुठे?"

ती डाव हातात धरून क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिली होती. मग खळखळून हसून म्हणाली होती, "पुलापलीकडे. आणि कुणाला विचारत बसू नका हं. लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत."

त्यांनी नाही विचारलं. तोंडाला कुलूप घालायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्या सगळ्या माणसांत घड्याळजी त्यांचा सगळ्यांत लाडका. म्हातारा, बायको गेलेली, मुलगा दूरदेशी आणि बापाशी अबोला. दुकानात दोनशे घड्याळं, पण दुरुस्तीला आता कुणी येत नाही. तीन वर्षांपूर्वी ओळीने चार-पाच संध्याकाळी तिने त्याची हकिकत सांगितली होती. आता तो मुलाला न कळवताच राहतं घर विकायला निघालाय, असं तिने सांगितलं तेव्हा पंपवाले न राहवून म्हणाले होते, "आधी पत्र लिही म्हणावं त्याला. घर काय पळून जातंय?" दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, त्याने पत्र लिहिलं. त्यानंतर दोन दिवसांनी म्हणाली, पत्र परत आलं. त्या दिवशी पंपवाले ताटावरून उठले. सल्ला त्यांचाच होता ना.

तिने ताट झाकून ठेवलं होतं. आणि दुसऱ्या संध्याकाळी दारातूनच म्हणाली होती, "अहो, मुलगा आला त्याचा."

आता ती गेल्याला पंधरा दिवस झाले होते. पंधरा दिवसांत पंपवाले घरात मोजून चार वाक्यं बोलले असतील, तीही ताईशी, आणि ताई उद्या सकाळच्या गाडीने परत जाणार होती. त्यानंतरचं घर डोळ्यांसमोर आणायला ते तयार नव्हते. म्हणून ते दाराकडे बघत होते. घड्याळजी आज आल्याशिवाय राहणार नाही. आला की त्याचा हात धरायचा आणि सरळ म्हणायचं, चला घरी, चहा घेऊ. त्याचीही बायको गेलेली, आपलीही गेली. एकमेकांचं सगळं माहीत आहे. नव्याने काही सांगत बसायला नको. जमलं तर रोज येत जा म्हणायचं.

हेडमास्तर बोलायला उभे राहिले. 'दोन शब्द' म्हणून सुरुवात केली आणि वीस मिनिटं बोलले. पण खोटं एक अक्षर बोलले नाहीत. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरांतली माणसं दुपारी इथे पंख्याखाली येऊन बसायची. बाई त्यांच्या हातात नुसतं वर्तमानपत्र द्यायच्या, म्हणजे उगाच बसलोय असं त्यांना वाटायला नको. टेबलाच्या खालच्या खणात बाईंनी जुने चष्मे जमवले होते. कुणाच्या घरी कुणी गेलं की चार दिवसांनी जाऊन बाई हळूच चष्मा मागून आणायच्या, त्यावर नंबराची चिठ्ठी लावायच्या आणि ज्याच्याकडे नसेल त्याला वाचायला द्यायच्या. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाता जाता पुस्तक पोचवायच्या. "आम्ही म्हणायचो, बाई, घरी उशीर होत असेल. तर म्हणायच्या, घरचा माणूस समजूतदार आहे."

पंपवाल्यांनी मान खाली घातली. चष्म्यांचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. उशिराबद्दल त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. तो समजूतदारपणा होता की नुसताच बावळटपणा, हे आता कोण सांगणार?

"आणि या घरच्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही," हेडमास्तर म्हणाले. "नवं पुस्तक आलं की आम्ही विचारायचो, बाई, कसं आहे? बाई म्हणायच्या, थांबा, आमच्या घरी काय म्हणतात ते उद्या सांगते. आणि दुसऱ्या दिवशी एका वाक्यात असा निकाल आणायच्या, की भल्या भल्या समीक्षकांनी शिकावं! मंडळी, या गावातला सर्वांत मोठा वाचक आज आपल्यासमोर बसला आहे, आणि तो कधीही या वाचनालयात आलेला नाही!"

टाळ्या झाल्या. पंपवाल्यांना वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. त्यांनी मागेही वळून पाहिलं.

ताई त्यांच्या कानाशी लागली. "तू कधी रे पुस्तक हातात धरलंस? सातवीचं सगळं तर मीच वाचून दाखवलं तुला."

"मलाही तेच कळत नाहीये."

एवढ्यात एक पंचेचाळिशीची बाई पुढे आली. बोटाला सुईने पडलेली भोकं, खांद्यावर विसरून राहिलेली मोजायची टेप. कोपऱ्यावर कपडे शिवायचं दुकान होतं तिचं. माइक तिने नको म्हणून बाजूला केला.

"मला पुस्तकातलं काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "बाई कपडे टाकायला यायच्या. एकदा कपड्यांबरोबर पुस्तकच ठेवून गेल्या. मी म्हटलं, बाई, मला वेळ कुठाय? तर म्हणाल्या, हे ऐकून आमच्या घरी एक माणूस ताटावरून उठला. मला वाटलं, पुस्तकापायी जेवण सोडणारा कोण शहाणा आहे बघू तरी. म्हणून उघडलं. एक म्हातारा घड्याळजी असतो त्यात."

पंपवाल्यांनी कान टवकारले. ओळखते ही त्याला.

"मुलाला न सांगता तो घर विकायला निघतो. तिथवर वाचलं आणि बाईंना म्हटलं, बरोबर आहे त्याचं, अबोला तर अबोला. बाई म्हणाल्या, आमचे हे काय म्हणाले माहितेय? आधी पत्र लिही म्हणावं, घर काय पळून जातंय." ती थांबली. टेपचं एक टोक बोटाभोवती गुंडाळू लागली. "माझा आणि माझ्या भावाचा अकरा वर्षं अबोला होता. घरावरूनच. त्या दिवशी मशीन बंद केलं आणि भावाला पत्र लिहिलं. बस, एवढंच सांगायचं होतं. काका, तुमचे उपकार आहेत."

तिने पंपवाल्यांना हात जोडले आणि जागेवर जाऊन बसली.

पंपवाल्यांना हात जोडायचंही सुचलं नाही. घड्याळजी असतो त्यात. पुस्तकात. त्यांनी ते शब्द मनात उलटसुलट करून पाहिले. मग त्या दोघी बहिणी? नर्स? घंटावाला मास्तर? एकेकाला त्यांनी मनातल्या मनात हाक मारून पाहिली आणि एकेक जण कपाटात जाऊन उभा राहिला.

मुलगा आल्याचं तिने सांगितलं, त्यानंतरची एक गोष्ट त्यांना आठवली. बाप-लेकांना एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ते मुद्दाम पूल ओलांडून गेले होते. घड्याळांचं एक दुकान सापडलंही होतं, पण त्याला कुलूप होतं. संध्याकाळी त्यांनी सांगितलं, "तुझ्या घड्याळजीचं दुकान पाहिलं आज. बंद होतं." भांडी विसळणारा तिचा हात थांबला होता. पाणी तसंच वाहत राहिलं होतं. "मुलगा घेऊन गेला असेल त्याला," ते स्वतःच म्हणाले होते. नळ बंद करून ती म्हणाली होती, "हो. असेल."

आपला नवरा हे सगळं खरं धरून चाललाय, हे तिला त्या दिवशी, तिथे, नळाखाली हात धरून कळलं असणार. त्याआधीची सगळी वर्षं तिला वाटलं असेल, आपण दोघं मिळून गंमत करतोय. आणि त्या दिवसानंतर सांगणार तरी कसं? गोष्टींतली पन्नास-साठ माणसं होती. एका वाक्यात सगळ्यांना मारून टाकायचं? तिच्या हातून ते झालं नसणार. ते काम आज शिवणकाम करणाऱ्या एका भल्या बाईकडून, काहीही माहीत नसताना, होऊन गेलं होतं.

पंपवाल्यांना पंधरा दिवसांत रडू आलं नव्हतं. आता ते येणार, नेमकं त्याच वेळी हेडमास्तर म्हणाले, "आता आपण बाईंच्या यजमानांना विनंती करू."

ताईने कोपराने ढोसलं. पंपवाले उभे राहिले. दीडशे चेहरे होते. सगळे खरे. चौतीस वर्षं पाणी पाजलं यांना, पण एकाही चेहऱ्याचं दुःख त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांचं ठाऊक होतं त्यांतलं कुणी येणार नव्हतं.

खरं सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. खोटं तिलाही आवडायचं नाही.

"मी पुस्तकं वाचत नाही," ते म्हणाले. आवाज मोठाच निघाला, बोलायची सवय नव्हती. "ती सांगायची. मी जेवता जेवता ऐकायचो. मला वाटायचं," इथे ते अडखळले, "मला ती सगळी माणसं खरीच वाटायची."

मग हेडमास्तर गहिवरून म्हणाले, "वा! वाचकाची याहून चांगली व्याख्या मी ऐकली नाही." आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

पंपवाले खाली बसले. ताई हळूच म्हणाली, "बरं बोललास." ते शब्दशः खरं होतं हे तिलाही कळलं नव्हतं.

सभा संपल्यावर लोक येऊन हात हातात घेऊन जात होते. काही जण कुठलं पुस्तक वाचावं तेही विचारत होते. ताई चपला शोधायला बाहेर गेली. खुर्च्या निम्म्या उचलून झाल्या, तेव्हा शिवणवाली हातात एक पुस्तक घेऊन आली. कोपरे झिजलेलं, पाठीवर नवी पट्टी चिकटवलेलं.

"काका, हेच ते. म्हटलं तुम्हाला घरी ठेवायला आवडेल. हेडमास्तरांना विचारलंय मी."

त्यांनी ते घेतलं. वजनाला हलकंच होतं. एवढ्याशा जागेत तो म्हातारा, दोनशे घड्याळं, सगळं कसं मावलं होतं कुणास ठाऊक.

"शेवट मात्र मला सोसला नाही," ती म्हणाली. "पत्र परत येतं, तिथे वाटलं होतं आता तरी काहीतरी होईल. पण नाही. घर विकतो, एक खोली घेतो, आणि तिथे बसून एकाच घड्याळाला रोज किल्ली देत राहतो. संपलं पुस्तक."

पंपवाल्यांनी मान वर केली. "आणि मुलगा?"

"कुठला मुलगा! तो येतच नाही."

पंपवाल्यांनी हातातलं पुस्तक उलटून शेवटचं पान काढलं. पुस्तकाच्या पानाचा कोपरा कुणी दुमडला तरी जिच्या जिवाला लागायचं, त्या बायकोने आपल्यासाठी अख्खा शेवट बदलला होता. झाकून ठेवलेल्या त्या एका ताटापायी.

"तुमचा भाऊ आला का?" त्यांनी विचारलं.

शिवणवालीने टेप खांद्यावरून काढली आणि गुंडाळायला घेतली. "नाही. पत्रही नाही. तीन वर्षं होतील आता. मघाशी सगळ्यांसमोर बोलले नाही ते. बाईंच्या सभेत कशाला?" ती जरा हसली. "पण लिहिलं ते बरं केलं. नाहीतर तेही राहून गेलं असतं."

बाहेरून ताईची हाक आली. पंपवाल्यांनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. उचलून ठेवलेल्या खुर्च्यांतल्या दोन काढून त्यांनी समोरासमोर मांडल्या.

"बसा," ते म्हणाले. "मुलगा येतो."

"काका, मी दोनदा वाचलंय. नाही येत तो."

"पुस्तकात येत नसेल. तिने मला सांगितलंय. येतो."

शिवणवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस चेष्टा करत नव्हता, भ्रमातही नव्हता. ती बसली.

"दुपारची वेळ असते," पंपवाल्यांनी सुरुवात केली. सलग चार वाक्यांच्या वर बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते थांबत थांबत, काट्यावरचा आकडा वाचावा तसं सांगत होते. "घड्याळजी दुकानाच्या फळ्या लावायला उठलेला असतो. एक जण येतो. हातात बंद पडलेलं घड्याळ. दाढी वाढलेली, त्यामुळे हा ओळखत नाही. म्हणतो, आज नाही, उद्या या. तो म्हणतो, मी लांबून आलोय. मग हा घड्याळ हातात घेतो, उलटं करतो, आणि मागच्या झाकणावर त्याला स्वतःचीच खूण दिसते. मुलगा निघाला तेव्हा यानेच दिलेलं असतं ते."

"मग?"

"मग काही नाही. म्हातारा म्हणतो, किल्ली वेळेवर देत नव्हतास."

शिवणवाली हसली आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले. ओठ जरासे उघडे राहिले होते, टेप गुंडाळायची राहून गेली होती, आणि पुढचा शब्द निसटू नये म्हणून ती किंचित पुढे झुकली होती. पंपवाले बोलायचे थांबले. तीस वर्षं ते ताटात बघून ऐकत आले होते. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असा दिसतो हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. बायको समोर बसून रोज हे बघत असणार.

"आणि जेवले का दोघं?" शिवणवालीने विचारलं.

तिने एवढं सांगितलं नव्हतं. आणि आता विचारायला कुणी नव्हतं.

"जेवले," ते म्हणाले. "पोटभर जेवले."